एम-बीचं घराणं

१

मला पटकन उत्तर देणारी मुलं आवडतात. चुकलं तर चुकू दे, पण तोंड उघडा की मेल्यांनो! लग्न होऊन देवबागात आले, लेक शाळेत जायला लागल्यावर मागच्या पडवीत इंग्रजीचा क्लास सुरू केला, तेव्हा पहिलं डोकं फिरलं ते या पोरांच्या गप्प बसण्याने. मी विचारायचे, "डॉग म्हणजे?" समोर सगळे ढिम्म. पुन्हा विचारलं की नुसती चुळबुळ. तिसऱ्यांदा विचारलं की सगळे एका सुरात, "कुत्रो!"

"येत होतं तर आधी काय दातखीळ बसली होती?" एकदा मी भडकलेच.

"बाई, तिनसांजेक पयल्या हाकेक ओ देऊची नसता," संचिता म्हणाली. ही शेजारच्या राधाबाईंची नात, आगाऊ पण हुशार. "माणूस आसात तर तिसऱ्यांदा हाक मारताच, भूत मारना नाय."

हे मला नवीन नव्हतं. फोंडाघाटात, माझ्या माहेरीही म्हणायचे. पण तिकडे बाजारपेठ, घाटातून उतरणारे ट्रक. हाक ऐकू आली तरी नशीब. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. आमच्या पुढच्या दारात समुद्राची गाज, आणि मागच्या पडवीची पायरी उतरलं की खाडीचं पाणी. पाण्यावरून हाक कुठूनही येते, कुणाचीही येते. म्हणून ते इथल्या पोरांच्या अंगात भिनलेलं.

मी ते मोडून काढलं. "मी काय खाडीतली हडळ आहे? तुमची बाई आहे. मी शब्द म्हटला की विचार करत बसायचं नाही. स्पेलिंग आणि अर्थ तोंडातून खाली पडला पाहिजे, पहिल्या हाकेला." वर्षभर घासून घेतलं. शेवटी पोरं अशी तयार झाली की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. मला त्याचा मोठा तोरा होता.

शिकवायची माझी पद्धत साधी. ज्या शब्दांची शेवटची अक्षरं सारखी, ते एका घराण्यातले. एक घराणं पाठ झालं की पुढचं. त्या दिवसांत एम-बीचं घराणं चालू होतं. कोम म्हणजे फणी, थम म्हणजे अंगठा, नम म्हणजे बधिर, क्लाइम म्हणजे चढणे, लिम म्हणजे हातपाय, डम म्हणजे मुका.

"शेवटचा बी लिहायचा, पण म्हणायचा नाही."

"मगे तो थंय कित्याक बसलोहा?" हे विचारणारी माझी लेक, सृष्टी. चौथीतली. क्लासात सगळ्यांच्या पुढे, पायरीला लागून बसायची.

"तुझ्या बाबांसारखा. घरात असतो, पण बोलत नाही."

पोरं खिदळली. सुदेश, माझा नवरा, आत बोटीचं इंजिन उघडून बसला होता. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो तो. खरंच काही बोलला नाही.

सृष्टीला एक नियम होता. क्लासात मला आई म्हणायचं नाही, इतरांसारखं बाई म्हणायचं. लाड नकोत. तीही हट्टी, क्लासात बाई म्हणजे बाईच, आणि क्लास सुटला की पाठीवर येऊन पडायची आणि "आई, आई, आई" करून कान खायची. क्लासाबाहेर तिने मला कधी चुकूनही बाई म्हटलं नाही.

त्या घराण्यातला एक शब्द मी गाळला. टूम. थडगं कशाला शिकवायचं लहान पोरांना, तेही दिवेलागणीला? शिवाय आपल्यात कुठे थडगी असतात.

२

"थम!"

"टी एच यू एम बी थम, थम म्हणजे अंगठा!"

पाढ्यांच्या चालीवर सगळे एकदम म्हणायचे आणि एकदम थांबायचे. त्या संध्याकाळी सगळे थांबल्यावर एक आवाज मागे राहिला. "...णजे अंगठा." खाडीच्या बाजूने, जरा घोगरा.

"कोण मागे राहतंय रे?"

कोणीच नाही. सगळी तोंडं बंद, सगळे माझ्याकडे बघतायत. मी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तसंच, मुलं थांबली आणि मग तो. म्हटलं, पडसाद आहे. भरती आहे, वारा पडलाय, पलीकडच्या काठाला आवाज आपटून येतो. लगेच फळ्यावर 'एको' लिहून तोही शब्द शिकवून टाकला. खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ती ही.

पण पुढच्या दिवसांत तो पडसाद सुधारत गेला. आधी नुसता शेवटचा तुकडा यायचा. मग "टी... यू... बी" अशी गळकी अक्षरं यायला लागली. मग सगळं स्पेलिंग. वर्गातला एखादा कच्चा मुलगा रोज येऊन बसावा आणि हळूहळू लायनीवर यावा, तसं. मुलांना मजा वाटत होती. ती मुद्दाम थांबून त्याचं ऐकायची आणि टाळ्या पिटायची.

पडसाद सरावाने सुधारत नाही. बी.एड. झालेल्या बाईला एवढं कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण मी त्याच्याकडे बघितलं नाही.

३

रविवारी क्लासाला सुट्टी असते. सोमवारी सकाळी राधाबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात.

"जानकी, काल क्लास घेतलंस तां आमच्या संचिताक सांगूक नको?"

"काल? काल खंय क्लास होतो?"

"माका काय कान नाय? तू इचारतंस नि सृष्टी सांगता. सगळा आयकलंय मी. आपल्या चेडवाक तेवढा जास्तीचा शिकय हां!" आणि फणकाऱ्याने गेल्या.

माझा संशय ओमकारवर गेला. क्लासातला सगळ्यात वांड पोर, बापाचा मोबाईल घेऊन फिरतो. यानेच माझा आवाज रेकॉर्ड केला असणार आणि कुंपणामागून लावत असणार. त्याला उभा करून असा झाडला की पोरगा रडकुंडीला आला. "आवशीची शपथ बाई, मी नाय!" म्हणत राहिला. मला त्याचं खोटंच वाटलं.

मग ती दुपार. मी विहिरीवर बांगडे साफ करत होते. घरात सृष्टीशिवाय कोणी नव्हतं. आणि मागच्या पडवीकडून मला माझा आवाज ऐकू आला.

"थम."

माझाच. शेवटाला वर चढणारा माझा हेल, मागचं खाकरणंही माझं. लगेच सृष्टीचा आवाज आला, पाठांतराचा, भरभर. "टी एच यू एम बी थम, थम म्हणजे अंगठा." मग जरा शांतता. मग पुन्हा मी. "कोम."

बांगडा हातात तसाच राहिला. मोबाईलचं रेकॉर्डिंग मुलीचं उत्तर संपेपर्यंत थांबत नाही. हे थांबत होतं. ऐकून घेत होतं. मी धावत पडवीत गेले. सृष्टी पायरीवर बसली होती, खाडीकडे तोंड करून, हात मांडीवर. पाणी पायरीपर्यंत आलं होतं. दुसरं कोणी नव्हतं.

"कोणाबरोबर बोलतंस गो?"

"तुझ्याबरोबर." ती वळली. "तूच इचारलंस मा?"

"मी बावीर बांगडे साफ करी होतंय."

तिने माझ्या हाताला चिकटलेले खवले बघितले. मग खाडीकडे बघितलं. मग हळूच उठून माझ्या साडीला बिलगली, तान्ही असताना बिलगायची तशी. "मगे तां कोण?"

"कोण नाय. पडसाद," मी म्हटलं.

पडसाद नंतर येतो, आधी येत नाही. हे तिच्या लक्षात येऊ नये म्हणून मी तिला आत नेऊन लाडू दिला, आणि पुन्हा विचारलं तर सांगू नको म्हटलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घावणे घालत होते. सृष्टीला घावणा उलटायची हौस. ती शाळेतल्या कसल्याशा भांडणाची गोष्ट सांगत होती आणि मला जळल्याचा वास आला. बघते तर तिचा अंगठा तव्याला टेकलेला, आणि ही आपली बोलतेच आहे. मी किंचाळून हात ओढला. कातडी तव्याला राहिली.

"दुखना नाय?"

"नाय," ती म्हणाली, आणि अंगठा दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत राहिली.

त्याच दिवशी वेणी घालताना फणीत केसांचा पुंजका आला. मी विहिरीच्या खाऱ्या पाण्याला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा. मग एक दिवस शाळेतून आली आणि पुढच्या पायऱ्यांशी उभी राहून रडायला लागली. तिला पायरी चढता येत नव्हती. सपाटीवर चालायची, पायरी आली की पाय वर यायचाच नाही.

कुडाळला नेलं. मग गोव्याला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर भले होते. हातोडीने गुडघे ठोकले, सुया टोचल्या, मशिनीत घातलं. नसांचं काहीतरी आहे म्हणाले, पण काय ते सापडत नाही, म्हणून गोळ्या दिल्या. मी मान डोलवत होते आणि डोक्यात आपली पाढ्यांची चाल चालू होती. थम म्हणजे अंगठा. कोम म्हणजे फणी. क्लाइम म्हणजे चढणे.

येताना बसमध्ये मी तिला विचारलं, "बाय, पडवीतलो आवाज तुका आजून कायकाय इचारता?"

"आता नाय सांगनंय मी. तू नको म्हटलंस मा." ती खिडकीबाहेर बघत होती. "पण आई, तां इचारता तेवा माज्या आधी माजा तोंडच सांगता."

मी तिला जवळ घेतलं आणि घरापर्यंत सोडलं नाही. ते तोंड मीच तयार केलं होतं.

५

क्लास बंद केला. पोरांना सांगितलं, सृष्टी बरी होईपर्यंत सुट्टी. सुदेशला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "येड लागला तुका. चेडू आजारी आसा, नि तू शब्दांचा काय घेऊन बसलंस?"

"अहो, मी काय अडाणी आसंय? माकाच पटना नाय. पण येक दिवस तिनसांजेक घरात थांबा."

थांबला. आम्ही तिघं मागच्या पडवीचं दार बंद करून आत बसलो. सृष्टीच्या कानात कापसाचे बोळे, वर माझी ओढणी घट्ट बांधलेली. मी सुदेशच्या शेजारी, तोंड मिटून. बाहेर भरती चढत होती. राधाबाईंकडे कुकरची शिट्टी झाली आणि गॅस बंद केल्याचा आवाजही आला, इतकं शांत होतं.

"लिम."

माझा आवाज, दाराच्या पलीकडून. सुदेशने झटकन माझ्याकडे बघितलं. माझे ओठ मिटलेले होते. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. समुद्रात बोट उलटली तेव्हाही हा माणूस एवढा घाबरला नव्हता.

सृष्टीला ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी तिचा जबडा हलायला लागला. "एल आय..." सुदेशने झेप घेऊन तिच्या तोंडावर हात दाबला. त्याचा हात म्हणजे इंजिनाचा दोर ओढणारा हात. ती त्याच्या हाताखाली डोळे फाडून माझ्याकडे बघत होती, नको नको म्हणत होती डोळ्यांनी. आणि त्या हाताखालून, दबलेलं पण एकही अक्षर न गाळता, सगळं बाहेर आलं. लिम म्हणजे हातपाय.

बाहेर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मुलं वाजवायची तशा.

सुदेश दार उघडून बाहेर गेला, मोठमोठ्याने शिव्या देत. खाडीत गुडघाभर पाण्यात उतरून उभा राहिला. काही दिसलं का, असं मी विचारलं, तर त्याने आत येऊन दाराला कडी घातली. काय बघितलं ते त्याने मला आजवर सांगितलेलं नाही. रात्री सृष्टीच्या हातातून पेला सुटला आणि तिला तो उचलता आला नाही.

६

तिला उचलून फोंड्याला, माझ्या माहेरी घेऊन गेलो. माझ्या भावाचं घर बाजारपेठेत, दुकानाच्या मागे. चहूबाजूंनी डोंगर, समुद्र कुठे, खाडी कुठे! सुदेश तिला खांद्यावरून खाली ठेवेना. वहिनीने नजर काढली, भावाने देवाला गाऱ्हाणं घातलं. मी सगळ्याला हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे काय होतं?

तिथे बरे दिवस गेले. हातपाय नव्हतेच चालत, पण पोरगी हसायला लागली. भावाच्या दुकानात गल्ल्यामागे उशांना टेकवून बसवायचो. गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. "माजी आई इंग्लिशची बाई आसा, पण मारकुटी आसा," असं सांगून माझी अब्रू घालवायची. मी तिला भरवायचे आणि आत जाऊन रडायचे. आठवून बघत होते, तिला काय काय शिकवलंय. नम म्हणजे बधिर. तो कधी विचारला गेला हे आम्हाला कळलंच नव्हतं; विचारला असणार, कारण चिमटा काढला तरी तिला कळत नव्हतं. म्हणजे उरला एकच.

भर दुपारी, दुकानाच्या मागच्या दारी, जिथे पोत्यांची चवड असते, तिथून माझा आवाज आला. ट्रक घाट उतरत होता, त्याच्या घरघरीतूनही स्वच्छ.

"डम."

मी सृष्टीच्या समोरच बसले होते, हातात भाताचा घास. तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. दात आवळून धरले तिने, गालाच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांतून पाणी आलं. माझी नऊ वर्षांची पोर, तिने जेवढा जोर लावला तेवढा मी जन्मात कशाला लावला नाही. मी ओरडत होते, "सांगू नको बाय, सांगू नको, चुकीचा सांग, कायपण सांग!"

"डी यू एम बी डम," ती म्हणाली, "डम म्हणजे मुका."

त्यानंतर ती काही बोलली नाही.

७

परत देवबागात आलो. कुठेही गेलं तरी तेच, तर आपलं घर काय वाईट! आणि खरं सांगायचं तर मी मनात एक आशा धरून होते. एम-बीचं घराणं संपलं होतं. मी शिकवलेला एकही शब्द उरला नव्हता. जो उरला होता तो मी शिकवलाच नव्हता, आणि जे येत नाही ते पोर कुठून सांगणार? तोंडच नाही तर सांगणार कशाने?

आवाज येईनासा झाला. रोज तिन्हीसांजेला कान लावून बसायचे. गाज, वल्ह्याचा आवाज, राधाबाईंचा कुकर. एवढंच. सृष्टी आतल्या खोलीत खाटेवर असायची. मान तेवढी हलायची. हो की नाही ते मानेने सांगायची. मी म्हणायचे, पेज देऊ? मान हो. आई मारकुटी आसा? मान हो, आणि डोळ्यांत हसू. सुदेश म्हणाला, "आता यापुढे वाईट काय जावचा आसा? हळूहळू बरी होतली." न बोलणारा माणूस, तो हे म्हणाला, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला.

त्या दुपारी सुदेश पर्यटकांना घेऊन गेला होता. मी स्वयंपाकघरात सोलकढीसाठी नारळ खवत होते. आतल्या खोलीकडून आवाज आला.

"बाई, टूम म्हणजे काय?"

सृष्टीचा आवाज. गोड, स्वच्छ, क्लासातल्यासारखा.

नारळाची कवड हातातून सुटली. आवाज फुटला! माझ्या चेडवाक आवाज फुटला! देवा रामेश्वरा, तुझे उपकार! मला हसू येत होतं, रडू येत होतं, उठताना पाय निऱ्यांत अडकला. आणि तोंड? तोंड थांबलंच नाही. मी वर्षानुवर्षं पोरांना जसं शिकवलं तसंच, पहिल्या हाकेला, तिथूनच ओरडून सांगितलं, "टी ओ एम बी टूम, टूम म्हणजे थडगं! थडगं गो बाय! माणूस गेलो काय तेका ठेवतत ती जागा!"

खोलीच्या दारात पोचले. सृष्टी खाटेवर होती, मी ठेवली होती तशीच, ओठ घट्ट मिटलेले. डोळे माझ्यावर. आणि ती मान हलवत होती. नाही, नाही, नाही, जीव तोडून, उशीवर डोकं घासत. केव्हापासून हलवत होती कोण जाणे. मी बघत असताना ती मान हळू झाली, आणि थांबली.

तेव्हा मला कळलं की त्या आवाजाने मला बाई म्हटलं होतं.

खाटेच्या वरची खिडकी पडवीवर उघडते. मी मान वर केली. बाहेर पायरीला लागून, क्लासात पुढे बसायची त्या जागेवर कोणीतरी बसलं होतं, माझ्याकडे पाठ करून. दोन वेण्या, चांगल्या जाड, गळायच्या आधी होत्या तशा, मी घालते तशा लाल फितीने वर बांधलेल्या. तिच्या दोन्ही अंगांना जागा सोडून, आणखी कोणकोण बसायला येत होतं. मी खिडकी लावून घेतली.

८

ती श्वास घेते. अंग गरम असतं. डॉक्टर म्हणाले, शरीर ठीक आहे, बाकीचं सांगता येत नाही. नाकात नळी आहे, त्यातून पेज देतो. सुदेशने बोट चालवायला दिली त्याच्या भावाला. दिवसभर तिच्याशी बोलत असतो. समुद्रावरच्या गमती, डॉल्फिनच्या, कुठल्या पर्यटकाला कशी बोट लागली त्याच्या. एवढं बोलतो तो की ती तिथे नाही हे मला त्याला सांगवत नाही. मी तिचं अंग पुसते, कूस बदलते, उरलेल्या केसांवरून फणी फिरवते. मी डोळ्यांत बघते. तिथे कोणी नसतं. मी तिची आई आहे, मला कळणार नाही?

ती तिकडे आहे. रोज तिन्हीसांजेला खाडीकडून क्लास ऐकू येतो. विचारणारा आवाज माझा. उत्तरं देणारे बरेच, आणि त्यांत माझ्या पोरीचं उत्तर सगळ्यांच्या आधी, पहिल्या हाकेला. इतकी तयार कुणाचीच मुलगी नसेल. शब्द मी कधी न शिकवलेले असतात. त्यांचे अर्थ ऐकू नयेत म्हणून मी मिक्सर लावून ठेवते. राधाबाईंनी संचिताला मालवणात आत्याकडे पाठवून दिलं.

आज मिक्सर लावायच्या आधीच हाक आली.

"आई."

मी पिठाचे हात घेऊन उभी राहिले. आत सुदेश सृष्टीला काहीतरी सांगत होता, तो थांबला नाही. त्याला ऐकू आलं नसावं.

मला माहीत आहे, ते शिकतं. गळकी अक्षरं म्हणता म्हणता सगळं घराणं शिकलं, माझा हेल शिकलं, तिच्या वेण्या शिकलं. आई एवढा एक शब्द शिकायला त्याला किती वेळ लागणार? आणि हेही माहीत आहे की माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतोच. क्लास सुटल्यावर ती तीनदाच मारायची, कान किटेपर्यंत. थोडं थांबायचं होतं. दुसरी हाक येते का बघायचं, मग तिसरी. फोंड्यात शेंबडं पोरसुद्धा एवढं थांबतं.

आणि नाहीच आली दुसरी, तर?

मी मागच्या दाराची कडी काढली. पाणी पायरीवर आलं होतं.

"ओ गो बाय," मी म्हटलं. "इलंय."